आपण जिंकलो, मालक हरले

आणखी एका मॅनेजरची गच्छंती झाली, आणखी एका स्टेडियमबाहेर फलक नाचले आणि तेच वाक्य पुन्हा कानी पडले : आमचे प्रेम क्लबवर आहे, मालकावर नाही. या खेपेची नावे वाचकांना ठाऊक आहेत आणि महिनाभरात ती बदललेलीही असतील, तेव्हा ती येथे देण्याचे प्रयोजन नाही. चीड आणणारे आहे ते वाक्य, कारण इंग्लिश फुटबॉलचे चाहते आजवर ज्या सबबी सांगत आले त्यांत सर्वांत सोज्वळ दिसणारी आणि सर्वांत सोयीची सबब हीच आहे. बाकीच्या सबबींवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. सगळेच मालक सारखे, ही आळशी माणसाची सबब. पैसा तो घालतो म्हणून तोच ठरवणार, ही दिवाणजीची. आणि पुढचा हंगाम आपला, ही तर सबबही नव्हे, जडलेले व्यसन होय.

त्या सोज्वळ वाक्याची परीक्षा घेण्यासाठी मराठी वाचकाला ब्लॅकबर्न रोव्हर्सपेक्षा जवळचा क्लब सापडणार नाही, कारण लँकेशायरमधल्या या क्लबचे मालक पुण्याचे आहेत. 1875 मध्ये स्थापन झालेला आणि 1888 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग उभी करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक असलेला हा संघ नोव्हेंबर 2010 मध्ये व्हेंकीज समूहाने, म्हणजे डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या कुक्कुटपालन उद्योगाच्या वारसांनी, सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना विकत घेतला आणि प्रीमियर लीगमधील क्लबची मालकी प्रथमच एका भारतीय कंपनीकडे आली. महिनाभरात सॅम अ‍ॅलरडाइस या अनुभवी मॅनेजरला घरी पाठवण्यात आले, तेव्हा संघ वीस संघांत तेराव्या क्रमांकावर होता आणि मालकांना चौथा-पाचवा क्रमांक हवा होता. मॅनेजर या शब्दाला मराठीत व्यवस्थापक म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्या शब्दाने सहकारी बँकेच्या शाखेतला काचेचा कक्ष डोळ्यांसमोर येतो. इंग्लिश फुटबॉलमधला मॅनेजर हा संघ निवडणारा, डाव आखणारा, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत शब्द असणारा (किंवा असल्याचा समज असणारा) आणि मुख्यतः मालकाच्या अंगावर येणारा चिखल स्वतःच्या कोटावर झेलणारा अधिकारी असतो.

अ‍ॅलरडाइस यांच्यानंतर ती झेलण्याची कामगिरी स्टीव्ह कीन यांच्या वाट्याला आली. त्यांच्या राजीनाम्यासाठी ब्लॅकबर्नमध्ये मोर्चे निघाले, घोषणा झाल्या, आणि 7 मे 2012 रोजी घरच्याच ईवुड पार्क मैदानावर विगनकडून एका गोलने हरून संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला, ज्याला तिकडे रेलिगेशन म्हणतात आणि ज्यामुळे दरवर्षी तळाचे तीन संघ प्रतिष्ठेसह दूरचित्रवाणीच्या उत्पन्नालाही मुकतात. त्या सामन्यात प्रेक्षकांपैकी कोणीतरी क्लबच्या रंगांत गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांच्या धंद्यावरचा तो विनोद चांगलाच होता, पण त्या कोंबडीने एक प्रश्न अनवधानाने उघडा पाडला : संघ त्या दिवशी चौथ्या क्रमांकावर असता, तर ती मैदानात आली असती की ताटात? व्हेंकीजच्या जाहिरातीत रोव्हर्सचे खेळाडू चिकन खाताना दिसले, त्याची टवाळी खूप झाली. तथापि विजेत्या संघाने तेच चिकन खाल्ले असते तर तीच जाहिरात शहराच्या भिंतीभिंतीवर कौतुकाने लागली असती, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

ही निव्वळ शंका नव्हे, तिला इतिहासाचा आधार आहे. ईवुड पार्कच्या एका प्रेक्षकदालनाला जॅक वॉकर यांचे नाव आहे आणि मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभा आहे. वॉकर ब्लॅकबर्नचेच, पोलादाचा धंदा विकून आलेला पैसा त्यांनी क्लबमध्ये ओतला, केनी डॅलग्लिश यांना मॅनेजर म्हणून आणले, अ‍ॅलन शिअररला 1992 मध्ये ब्रिटिश विक्रमी किमतीला घेतले आणि 1995 मध्ये, शेवटच्या दिवशी लिव्हरपूलकडून हरूनही, संघ प्रीमियर लीगचा विजेता ठरला, कारण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरी पत्करावी लागली. त्या संध्याकाळी आमचे प्रेम क्लबवर आहे, मालकावर नाही, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. विजेतेपद मालकाच्या तिजोरीतून आले हे सर्वांना माहीत होते आणि त्याचा संकोच कोणाला वाटला नाही. मालक गावचा होता, मनाने चाहता होता, हे खरे, पण एका माणसाच्या मर्जीवर अख्खा क्लब उभा करण्याची रीत तेव्हाच मान्य झाली. वॉकर 2000 मध्ये वारले, त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्त निधीने दहा वर्षांनी क्लब विकला, आणि विकत घेणारा कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार चाहत्यांना नव्हता. 1995 मध्ये तो त्यांनी मागितलाही नव्हता.

येथे भाषेचा एक मुद्दा येतो, आणि या स्तंभाच्या नियमित वाचकांना तो अपेक्षित असेलच. इंग्रजीत बोलणारा आणि ऐकणारा या दोघांना धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून एकच सर्वनाम वापरले जाते. मराठीने आपण आणि आम्ही असे दोन शब्द ठेवले आहेत, आणि ही सोय फुटबॉलच्या चाहत्यांची नाडी तपासायला फार उपयोगी पडते. सामना जिंकला की आपण जिंकलो, आणि त्या आपणमध्ये गोलरक्षकापासून मालकापर्यंत, किंबहुना मालकाच्या बँकेपर्यंत, सगळे सामावतात. हरला की आम्ही उरतो, समोर ते उभे राहतात आणि मालक त्या ते मध्ये जाऊन पडतो. प्रेम क्लबवर आहे, मालकावर नाही, या वाक्याचा कर्ता आम्ही असतो तो याच कारणाने. हे तत्त्व असते तर ते दोन्ही ऋतूंत टिकले असते. ते हवामान आहे.

उलट टोकाचे उदाहरण न्यूकॅसलचे. ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने क्लबचा 80 टक्के हिस्सा घेतला, तेव्हा सौदी राजवटीचे टीकाकार पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येला पुरती तीन वर्षे झाली होती, आणि सेंट जेम्स पार्कबाहेर लोक आनंदाने नाचत होते, काहींनी तर डोक्याला अरबी धाटणीची फडकी बांधली होती. सौदी राज्यसंस्था क्लबवर नियंत्रण ठेवणार नाही, अशी कायदेशीर हमी मिळाल्याचे प्रीमियर लीगने सांगितले, आणि कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही हे ठाऊक असूनही सर्वांनी मान डोलावली. आधीचे मालक माइक अ‍ॅशली यांच्या चौदा वर्षांच्या काळात याच चाहत्यांनी क्लब आणि मालक यांत हाताच्या अंतराचा भेद केला होता. नवे मालक आले आणि तो भेद एका दुपारीत मिटला. पुढे मार्च 2025 मध्ये लिव्हरपूलला 2-1 असे हरवून न्यूकॅसलने लीग चषक जिंकला, 1955 नंतरचा त्यांचा पहिला मोठा देशांतर्गत चषक, आणि तो अर्थातच आपण जिंकलो.

ब्लॅकबर्नच्या चाहत्यांची बाजू घ्यायची तर त्यांनी निषेधाचे कष्ट तरी घेतले. 2016 च्या शरद ऋतूत, वुल्व्हजविरुद्धच्या सामन्यात, पुष्कळ प्रेक्षक अठराव्या मिनिटाला आत आले आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून गेले, जेणेकरून 1875 हे स्थापनावर्ष साधावे. कल्पना देखणी आहे, तिथेच तिची अडचण आहे. अठरा ते पंचाहत्तर ही मधली 57 मिनिटे बसून पाहिलेला सामना हा क्लबवरचा प्रेमभाग, आणि आधीची अठरा व नंतरची पंधरा हा मालकावरचा रागभाग, अशी ही वाटणी. तिकिटाच्या किमतीची मात्र अशी वाटणी करता येत नाही, ती पूर्णच मालकाकडे जाते. (याच मालकांनी 2012 मध्ये हेनिंग बर्ग यांना मॅनेजर म्हणून ठेवले होते ते बरोबर 57 दिवस, हा योगायोग कोणाच्या लक्षात आला होता की नाही, कळायला मार्ग नाही, त्यांच्यानंतरचे मायकेल अ‍ॅपल्टन दहा दिवस जास्त टिकले.) 2016-17 च्या हंगामाच्या अखेरीस क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला, निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, आणि तरीही क्लब व मालक हे दोन पदार्थ वेगळे होईनात. ते वेगळे नाहीत याचा पुरावा पुढे न्यायालयातून मिळाला : भारतातील एका चौकशीमुळे 2023 पासून मालकांना पैसा इंग्लंडला पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली, आणि ब्लॅकबर्नच्या पबमध्ये बसणारा माणूस दिल्लीतल्या तारखांचा हिशेब ठेवू लागला. ज्याच्या पैशावर दरवर्षीची कोट्यवधी पौंडांची तूट भरली जाते, तो क्लबच्या बाहेर कुठेतरी उभा आहे, असे मानणे हे भाडेकरूने घर आवडते पण घरमालक अस्तित्वात नाही असे म्हणण्यासारखे आहे.

आता बढतीच्या आशेबद्दल. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, चोवीस संघ प्रत्येकी 46 सामने खेळतात. पहिले दोन थेट वर जातात आणि येथे ज्या हंगामांचा संबंध आहे त्यांत पुढचे चार संघ प्ले-ऑफ नावाच्या बाद फेरीत तिसऱ्या जागेसाठी झुंजत, जिचा अंतिम सामना वेम्बलीला होतो आणि जिंकणाऱ्याला शंभर दशलक्ष पौंडांहून अधिक उत्पन्नाचे दार उघडतो. 2022-23 च्या शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्नने मिलवॉलला त्यांच्याच मैदानावर 3-1 अशा पिछाडीवरून 4-3 असे हरवले आणि सहाव्या जागेवरच्या संडरलंडइतकेच 69 गुण मिळवले, पण गोलफरकाने, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या वजाबाकीने, सातवी जागा पदरी आली. त्याच जानेवारीत एका खेळाडूचे नोंदणीपत्र मुदतीनंतर पोहोचल्याने त्याचे येणे हुकले होते. वर्षभराने एका अमेरिकी आघाडीपटूच्या बाबतीत पुन्हा कागदपत्रांचाच घोळ झाला. 2024-25 मध्ये संघ पाचव्या क्रमांकावर असताना मॅनेजर जॉन युस्टेस तळाशी झगडणाऱ्या डर्बी काउंटीकडे निघून गेले, आणि ब्लॅकबर्न दोन गुणांनी पुन्हा सातवे आले. बढतीची शिडी सोडून घसरगुंडीवर जाण्यात ज्या मॅनेजरला अधिक भवितव्य दिसते, त्याच्या निवडीवर रागावण्याऐवजी ती वाचता आली पाहिजे होती. चाहत्यांनी तिला गद्दारी म्हटले. क्लबांनी अशा वेळी वापरायचा शब्द ठरलेला आहे, तो म्हणजे प्रकल्प. मॅनेजर येताना प्रकल्पावर विश्वास ठेवतो, जाताना प्रकल्प त्याला समजत नाही, आणि पाटबंधारे खात्यालाही लाज वाटावी इतके प्रकल्प इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत दरवर्षी अपूर्ण राहतात.

बढतीनेच सर्व काही धुऊन निघते हा समज किती महाग पडतो, ते बरीकडे पाहावे. 1885 चा हा क्लब 2019 च्या वसंतात, खेळाडूंचे पगार थकलेले असताना, चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत चढला. ऑगस्ट संपण्यापूर्वी लीगने त्याला काढून टाकले होते, कारण देणी भागवण्याची ऐपत मालकाला सिद्ध करता आली नाही.

प्रेमाला काही अटी घालता येतात, हे कोणी दाखवूनच दिले नाही असेही नाही. विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा 2002 मध्ये विम्बल्डनच्या चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब अगदी तळापासून सुरू केला आणि नऊ वर्षांत तो फुटबॉल लीगमध्ये आणला. जर्मनीत क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून किमान एक मत अधिक सभासदांकडे असावे असा नियम आहे, ज्याला काही अपवाद आहेत आणि पळवाटाही आहेत, तरी 2024 च्या सुरुवातीला तिथल्या प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून गुंतवणूकदाराशी होणारा लीगचा करार थांबवला. इंग्लंडनेही 2025 मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला आहे. त्याचे काय होते ते यथावकाश दिसेल, सरकारी नियामकांविषयी या स्तंभाचे मत वाचकांना ठाऊक आहेच.

पण मग ब्लॅकबर्नच्या माणसाने काय करावे? सुमारे सव्वा लाख वस्तीच्या गावात एकतीस हजार खुर्च्यांचे मैदान आहे, गिरण्या गेल्या, शनिवार राहिला. त्या शनिवारी लेकीला घेऊन जॅक वॉकर दालनात बसणाऱ्या बापाला सर्वनामांचा काटेकोरपणा शिकवणे हा क्रूरपणाही ठरू शकतो, आणि विम्बल्डनसारखे तळापासून उभे राहायचे तर लेक मोठी होऊन परगावी गेलेली असते. त्याने वाक्य तसेच म्हणत राहावे, फक्त पुढच्या खेपेस संघ वर चढेल तेव्हाही ते म्हणून दाखवावे. ते जमले नाही तरी फार बिघडणार नाही, बाकी कोणालाही जमलेले नाही.

मालकांच्या गावाने तर या बाबतीत तोंड न उघडलेलेच बरे. पुणे शहराच्या नावाचा एफसी पुणे सिटी हा क्लब 2014 पासून इंडियन सुपर लीगमध्ये खेळला आणि 2019 मध्ये त्याचा गाशा गुंडाळून संघाची जागा हैदराबादला गेली. त्या वेळी बालेवाडीच्या मैदानात कोणी एखादी कोंबडी सोडल्याची नोंद सापडत नाही.