राखेची मापं

१८१८ नंतर सह्याद्रीतले किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले. अनेक गडांच्या वाटा आणि पायऱ्या त्यांनी सुरुंग लावून उडवल्या. पुढे १८६२ साली उरलेल्या किल्ल्यांची सरकारी यादी झाली. तट धड आहे का, पाणी पुरेल का, वर शिबंदी ठेवता येईल का, एवढंच त्यांना हवं होतं. यादी रूक्ष आहे, म्हणूनच अभ्यासकांना ती आजही लागते. लढाईशी संबंध नसलेलं मात्र तिच्यात शोधू नये.

आपली गरज उलटी. आपल्याला गडावर पराक्रम दिसायला हवा असतो. त्यामुळे दरवाजा, बुरूज, तोफ यांचे फोटो हजारो निघतात आणि झाडोऱ्यातल्या बिननावाच्या जोत्यांवर बसून आपण डबा खातो. गडावर माणसं राहत होती ती त्या जोत्यांवर!

नाणेघाटाशेजारचा जीवधन घ्या. खाली घाटातल्या लेण्यात सातवाहनांचे शिलालेख, वर गडावर खडकात खोदलेली टाकी. म्हणून टाकीही सातवाहनांची, असं आपण सहज म्हणून टाकतो. असेलही. पण नोंदवहीत आधी टाक्याची लांबी, रुंदी, छिन्नीच्या घावांची दिशा आणि काठावरचे खांबांसाठी कोरलेले खळगे यायला हवेत. काळाचा अंदाज वेगळ्या रकान्यात. दोन्ही एकाच वाक्यात कालवलं की पुढच्या अभ्यासकाला पाहिलेलं कुठलं आणि मानलेलं कुठलं, ते निवडता येत नाही.

याच गडावर दगडी धान्यकोठार आहे. १८१८ च्या धामधुमीत तिथलं धान्य जळालं, त्याची राख अजून आत आहे, असं सांगतात. गोष्ट खरी की खोटी, हे ती राखच सांगू शकेल. जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही. भात होता की नाचणी, हे त्याच्या आकारावरून ओळखता येतं, आणि प्रयोगशाळेत वयाचाही अंदाज निघतो. अट एकच, राख जागेवर हवी. कुणी भक्तिभावाने कोठार झाडून लख्ख केलं, तर पुरावा संपला आणि गोष्ट तेवढी उरली.

टाक्यांतल्या गाळाचंही तेच. संवर्धन मोहिमांतली पोरं उन्हातान्हात घाम गाळतात, त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण घमेल्याने उपसलेल्या गाळात वरचं खापर आणि तळाचं खापर एकाच ढिगात पडतं. आधी कुठलं, नंतर कुठलं, हे मग कुणालाच सांगता येत नाही. फावडं लावायच्या आधी जाणकाराला बोलवावं, हे त्यांना रागावून नव्हे, शेजारी उभं राहून सांगायला हवं.

२०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत जीवधन नाही, आणि अशा शेकडो गडांवर तज्ज्ञ कधी पोचतील, याचा भरवसा नाही. जोत्यांची मापं घ्यायला मात्र त्यांची वाट पाहायची गरज नाही. टेप, होकायंत्र आणि आलेखाची वही पुरते. मार्च-एप्रिलमध्ये जावं, गवत वाळून बसलेलं असतं, दगडांच्या ओळी उघड्या दिसतात.