शेवटच्या टप्प्याची शिदोरी



स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. २०१६ साली तिथे सायकलस्वारांसाठी ‘हेब्रिडियन वे’ हा मार्ग सुरू झाला. दक्षिणेला व्हॅटरसे बेटावरून निघायचे आणि दहा बेटे पार करून उत्तरेला लुईसच्या टोकावरील दीपगृहापाशी पोहोचायचे. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. कुठे समुद्रात घातलेल्या बांधावरून जायचे, तर दोन ठिकाणी सायकल फेरीबोटीत चढवायची.

दक्षिणेकडील बेटांवर बरेच लोक कॅथलिक आहेत. साउथ युइस्टवर डोंगराच्या उतारावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मारियेचा ग्रॅनाइटचा उंच पुतळा उभा आहे. पुढे हॅरिसचे पांढऱ्या वाळूचे किनारे लागतात आणि मग दमछाक करणारे डोंगर.

शेवटचा टप्पा मात्र निराळा आहे. बार्वास गावापासून दीपगृहापर्यंतच्या पंचवीसएक किलोमीटरांत मोठा डोंगर नाही आणि झाडेही जवळजवळ नाहीत. ओसाड माळ, एकामागून एक सारखीच दिसणारी गावे आणि मोकळा वारा. तिथे वारा बहुधा नैऋत्येकडून वाहतो, म्हणून लोक दक्षिणेकडून प्रवास सुरू करतात. पण वारा कोणाच्या हुकमतीत नसतो. तो उलटा फिरला की सपाट रस्ताही चढण होतो.

शिवाय लुईसवरील प्रोटेस्टंट बांधव रविवार फार निष्ठेने पाळतात. २००९ पर्यंत तेथील स्टॉर्नोवे बंदरातून मुख्य भूमीकडे रविवारी फेरीबोटही सुटत नसे. आजही त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात. रविवारी हा टप्पा गाठणाऱ्याने शिदोरी आधीच बांधून घ्यावी लागते. भूक लागल्यावर शोधू म्हटले, तर मिळत नाही.

आयुष्याचा शेवटचा टप्पाही पुष्कळदा असाच असतो. संसार उभा केला, मुलांची लग्ने झाली, मोठे चढ संपले. आता खाट, औषधाच्या वेळा आणि सारखेच दिवस. “फादर, देव मला अजून का नेत नाही?” असे आपली वडीलधारी माणसे विचारतात, तेव्हा त्यांना हा उलटा वारा लागलेला असतो. सेवा करणाऱ्या सुनेला, मुलीलाही तो लागतोच.

या टप्प्यासाठी ख्रिस्तसभेने शिदोरी ठेवली आहे. मृत्यूच्या वाटेवरील माणसाला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तशरीराला लॅटिनमध्ये ‘व्हियाटिकम’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थच वाटेची शिदोरी! मग ती बांधायला आपण उशीर का करतो? “फादरांना बोलावले तर आजारी माणूस घाबरेल,” म्हणून आपण थांबतो, आणि निरोप येतो तेव्हा त्याची शुद्ध हरपलेली असते, घास गिळवत नसतो. रुग्णाभ्यंग हा केवळ अखेरच्या क्षणाचा संस्कार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले. गंभीर आजार किंवा वार्धक्य सुरू झाले की तो घेता येतो, पुन्हाही घेता येतो. घाबरवणारी गोष्ट फादरांचे येणे नव्हे. त्या वाटेवर एकटे असणे ही आहे.

तत्त्वज्ञानात ‘फिनिस’ या लॅटिन शब्दाचे दोन अर्थ शिकवतात: जिथे गोष्ट संपते तो शेवट, आणि जिच्यासाठी ती सुरू झाली ते साध्य. हेब्रिडीजच्या त्या टोकावर दोन्ही एकत्र भेटतात. रस्ता संपतो आणि समोर १८६२ साली उभारलेले लाल विटांचे दीपगृह दिसते. संत पौलानेही तिमथीला लिहिताना आपली धाव पूर्ण झाल्याचे सांगितले, ते तुरुंगातून आणि मृत्यू समोर असताना. त्याला तिथे शेवट दिसला, आणि वाट पाहणारा प्रभूही दिसला.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. घरात किंवा शेजारी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्यांच्याशी बोला आणि त्यांचे नाव मला कळवा. ते शुद्धीवर असतानाच, त्यांना ‘आमेन’ म्हणता येत असतानाच, प्रभूला त्यांच्या घरी येऊ द्या.

आपला ख्रिस्तात,
आपले धर्मगुरू