वेदना आणि संशय

7 नोव्हेंबर 2023 रोजी वानखेडेवर पेटक्यांनी कोसळलेल्या मॅक्सवेलने अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद 201 धावा काढल्या. त्याच्या वेदनेवर कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. जून 2024 मध्ये बांगलादेशविरुद्ध पाऊस येताच प्रशिक्षकाने खेळ संथ करण्याची खूण केली आणि अफगाण गुलबदिन नईब पाय धरून पडला. पुढे त्याने बळीही घेतला, लोक हसले. खूण सर्वांनी पाहिली, पायातला गोळा कोणालाच दिसत नव्हता.

पवित्र कुरआन (49:12) संशयापासून दूर राहण्याची ताकीद देतो. पंचाने वेळ मोजावी, उपचार होऊ द्यावेत. नियत अल्लाह जाणतो. मात्र या ताकिदीचा आडोसा ढोंग्याला नाही. चिंचोळी एमआयडीसीत खरोखर पाठ धरलेल्या कामगाराला मुकादम रजा नाकारतो, तेव्हा त्या अन्यायात आधीच्या ढोंग्याचाही वाटा असतो.