डब्यातील दोष आणि खेळाडूचा दंड

खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले, की ते तेथे कोणी आणले आणि कोणत्या हेतूने आणले याची शहानिशा होण्यापूर्वीच त्याच्याकडून नियमभंग घडला असे मानावयाचे, हे जागतिक उत्तेजकविरोधी संहितेचे मूलतत्त्व आहे. आणि प्रथमदर्शनी ते कितीही कठोर वाटले, तरी त्यामागील युक्तिवाद सहज झिडकारता येण्याजोगा नाही. अंतःकरणातील हेतू मोजणारे यंत्र कोणत्याही प्रयोगशाळेत नाही, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ एवढी कैफियत पुरेशी मानली, तर प्रामाणिकपणे धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या रक्षणासाठी काहीच उरणार नाही. हे हेतुनिरपेक्ष दायित्व मी मान्य करतो. परंतु ते मान्य करणे निराळे, आणि त्याचा सगळा भार सर्वांत दुर्बळ माणसाच्या शिरावर ठेवून बाकीच्यांना मोकळे सोडणे निराळे. आणि पूरक आहाराच्या डब्यांतून नकळत पोटात जाणाऱ्या स्टेरॉइडांच्या बाबतीत आज दुसरी गोष्ट घडत आहे.

या प्रश्नाची व्याप्ती जगाच्या ध्यानात आणून दिली ती जर्मनीतील कोलोन येथील क्रीडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने. हान्स गायर, विल्हेल्म शेन्त्सर आणि त्यांचे सहकारी यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या साहाय्याने २००० आणि २००१ या वर्षांत १३ देशांतून मिळवलेली ६३४ पूरके तपासली, तेव्हा त्यांपैकी ९४ पूरकांत, म्हणजे शेकडा जवळजवळ १५ पूरकांत, वेष्टनावर ज्यांचा नामनिर्देशही नव्हता अशी स्टेरॉइडे निघाली. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने पूरक आहार विक्रीपूर्व परवानगीच्या बंधनातून बहुतांशी सुटला होता. शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉनचे किंवा नँड्रोलोनचे रूप घेणारी द्रव्ये तेथे उघडपणे विकली जात होती. आणि ज्या कारखान्यांत ती मिसळली व भरली जात, तेथेच पुरेशी सफाई न करता इतर गोळ्या आणि भुकट्याही तयार झाल्या की एकाचा अंश दुसऱ्यात उतरणे अपरिहार्यच होते. हा झाला निष्काळजीपणा. पुढे २००२ च्या सुमारापासून मेटँडिएनोन, स्टॅनोझोलोल यांसारखी स्टेरॉइडे औषधाच्या मात्रेएवढी मिसळलेली पूरके आढळू लागली. ही मात्र बुद्धिपुरस्सर केलेली भेसळ होय, कारण ज्या भुकटीचा गुण महिनाभरात दंडावर दिसतो, तीच गिऱ्हाईक पुन्हा मागतो.

निष्काळजीपणाने उतरलेला अंश अत्यल्प म्हणून तो निरुपद्रवी, असे समजण्याचे कारण नाही. नँड्रोलोनपासून शरीरात निर्माण होणारे द्रव्य मूत्राच्या एका मिलिलिटरमध्ये २ नॅनोग्रॅमहून अधिक आढळणे ही संशयाची मर्यादा ठरली होती, आणि नँड्रोलोनच्या पूर्वद्रव्याचे अवघे ५ मायक्रोग्रॅम पोटात गेल्यानेही बहुसंख्य स्वयंसेवकांनी ती ओलांडल्याचे ब्रिटनमधील एका प्रयोगात दिसून आले. एवढ्या अंशाने स्नायूंना बळ मिळत नाही. सिद्ध होतो तो केवळ अपराध.

मग खेळाडूने डबा आधीच तपासून का घेऊ नये, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर रसायनशास्त्रातच आहे. तपासनीस सामान्यतः जे शोधतो तेच त्याला सापडते. टेट्राहायड्रोजेस्ट्रिनोन हे स्टेरॉइड २००३ पर्यंत नित्याच्या तपासणीत दिसतच नव्हते, कारण गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये नमुना घालण्यापूर्वी त्यावर जी प्रक्रिया केली जाई, तिच्यात त्या रेणूचाच निभाव लागत नसे; एका सिरिंजमधील अवशेष लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत डॉन कॅटलिन यांच्या हाती आला, तेव्हाच त्याची ओळख पटली. भुकटीची तपासणी तर याहूनही बिकट, कारण प्रथिने, साखर आणि स्निग्ध पदार्थ यांच्या गर्दीतून ग्रॅममागे काही नॅनोग्रॅम एवढे द्रव्य वेगळे काढावे लागते. शिवाय अंश भुकटीत सारखा पसरलेला नसल्यामुळे एका चमच्याचा निष्कर्ष अख्ख्या डब्याला, आणि एका घाण्याचा दाखला दुसऱ्या घाण्याला लागू पडत नाही. त्यातच मान्यताप्राप्त उत्तेजकविरोधी प्रयोगशाळांना खेळाडूंची वा उत्पादकांची पूरके खाजगी रीतीने तपासून देण्यास सामान्यतः मनाई आहे. म्हणजे ज्याच्यावर पूर्ण जबाबदारी, त्याच्याजवळ ना यंत्र, ना अधिकार, ना द्रव्यबळ.

आपल्याकडील एक प्रकरण या दृष्टीने चिंतनीय आहे. २०१० च्या राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळवणाऱ्या ४ × ४०० मीटर महिला रिले चमूतील तिघींसह सहा धावपटू २०११ मध्ये स्टेरॉइड सेवनाबद्दल दोषी ठरल्या. परदेशी प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या पूरकातून हे घडले, अशी त्यांची बाजू होती. राष्ट्रीय शिस्तपालन समितीने एक वर्षाची बंदी घातली. लोझानच्या क्रीडा लवादाने २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली. तो निवाडा संहितेच्या चौकटीत सुसंगतच होता. परंतु अशा कोणत्याही लवादापुढे डबा बनवणारा वा विकणारा पक्षकार नसतो, त्याला प्रश्न विचारला जात नाही, आणि दंडाचा रुपयाही त्याच्याकडून वसूल होत नाही, हा त्या चौकटीचाच दोष आहे.

कायदा नाही असेही नाही. पूरक आहारात संप्रेरके किंवा स्टेरॉइडे घालू नयेत, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या विनियमांचा हुकूम आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. खेळाडूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकाच्या प्रत्येक घाण्याची स्वतंत्र प्रयोगशाळेत विक्रीपूर्व तपासणी व्हावी, त्याचा मोहोरबंद नमुना मुदतीपर्यंत जपून ठेवावा, निकाल जाहीर व्हावा, आणि दोष सिद्ध झाल्यास उत्पादकावर खटला भरून खेळाडूला नुकसानभरपाई मिळावी. तसेच सरकारी प्रशिक्षण शिबिरांत तपासलेलीच पूरके सरकारच्या हमीने दिली जावीत. याने डबे महाग होतील, हा आक्षेप खरा आहे; परंतु आजही त्यांची पुरी किंमत कोणीतरी भरतच असतो, आणि तो बहुधा कोल्हापूरच्या तालमीत दूध, तूप, बदाम या खुराकावर वाढलेला, आणि आता इतरांचे पाहून डब्याकडे वळलेला एखादा होतकरू मल्ल असतो.

अशी तपासणी परिपूर्ण असणार नाही, आणि तिच्या नावाखाली खऱ्या अपराध्याला सुटण्यास वाट मिळता कामा नये. म्हणूनच खेळाडूवरील दायित्व तसूभरही कमी करा, असे माझे म्हणणे नाही. ते जेथे दोष निर्माण होतो तेथपर्यंत पोचवा, एवढेच म्हणणे आहे. जाणण्याचे साधन ज्याच्या हाती, त्याला जबाबदारीतून सूट, आणि जो जाणू शकत नाही त्याला शिक्षा, अशी वाटणी जोवर चालू आहे, तोवर निर्मळ खेळाच्या नावाने दिलेला प्रत्येक निवाडा नियमाला धरून असेल, पण न्यायाला धरून असेलच असे म्हणता येणार नाही.