‘अभिजात’ कोणाचे? वऱ्हाडातील जुन्या ग्रंथांच्या अध्यापनाचा नैतिक प्रश्न

१

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयाने पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषाही त्या यादीत आल्या. २०१२ मध्ये नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीच्या अहवालापासून चाललेल्या प्रयत्नांची ही परिणती होय. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले. या दोन्ही घटनांचे मराठीच्या अध्यापकवर्गाने स्वागत केले, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु स्वागताच्या या वातावरणात एक प्रश्न काहीसा मागे पडला. भाषा अभिजात ठरते तेव्हा तिच्या अध्यापकाचा केवळ अधिकार वाढतो, की त्याच्यावर एखादे ऋणही येते? आणि ते ऋण असेल तर ते कोणाचे: ग्रंथांचे, विषयाचे, की वाचकाचे?

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. संस्कृत, पाली, प्राकृत शिकवणाऱ्यांना तो पडतो. युरोपात लॅटिन आणि ग्रीक शिकवणाऱ्यांना तो गेले शतकभर पडत आला आहे. अध्यापक एकटा असतो तेव्हा तो त्याच्या सदसद्विवेकाचा प्रश्न असतो. अध्यापकांची संघटना उभी राहिली की तो सार्वजनिक होतो, कारण संघटना जे मागते ते विषयाच्या नावाने मागते. विषयाच्या नावाने मागताना नेमके कोणाचे हित राखले जाते, याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. वऱ्हाड हा प्रदेश या चिकित्सेला विशेष सोयीचा आहे. कारण भाषा कोणासाठी असते हा वाद या भूमीत सातशे वर्षांपूर्वीच एकदा झालेला आहे.

२

‘अभिजात’ या संज्ञेचा साहित्यसमीक्षेतील अर्थ आणि शासकीय अर्थ हे एकच नव्हेत. टी. एस. एलियट यांनी १९४४ साली व्हर्जिल सोसायटीपुढे केलेल्या प्रसिद्ध भाषणात अभिजाततेचा निकष म्हणून परिपक्वतेची कल्पना मांडली: मनाची, लोकव्यवहाराची आणि भाषेची परिपक्वता. या निकषावर व्हर्जिल हा त्यांना आदर्श वाटला. शासकीय निकष निराळे आहेत. ते प्राचीनता, ग्रंथसंपदा आणि परंपरा पाहतात. २००५ नंतरच्या निकषांत भाषेच्या अभिजात रूपात आणि नंतरच्या रूपांत खंड असू शकतो, हेही मान्य केलेले होते. २०२४ च्या सुधारित निकषांतही अभिजात रूप आजच्या रूपाहून भिन्न असू शकते, असे गृहीत धरले आहे.

मराठीच्या अध्यापकाने या शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. अभिजाततेचा दावा करणे म्हणजे आपली जुनी भाषा आजच्या वाचकाला आपोआप कळत नाही, ती शिकावी लागते, हे कबूल करणे होय. म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’ मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणून प्रत्येक वाङ्मयेतिहासात गौरवले जाते. परंतु पदवीचा विद्यार्थी ते मुळातून वाचू शकत नाही. गौरव आणि वाचन यांच्यातील हे अंतर भरून काढण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते तोच अभिजाताचा अध्यापक. अंतर तसेच ठेवून गौरव वाढवत नेणारा अध्यापक पुजारी ठरतो, शिक्षक नव्हे.

३

रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे स्थान. श्रीचक्रधरांच्या पश्चात त्यांचा अनुयायीवर्ग येथे एकत्र आला. म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’ची सामग्री ज्या पद्धतीने गोळा केली, तिचे महत्त्व अभ्यासकांनी वारंवार सांगितले आहे: प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या भक्तांकडे जाऊन आठवणी मिळवणे, त्या नागदेवाचार्यांकडून तपासून घेणे. महदंबेचे ‘धवळे’ही रिद्धपूरच्याच परिसरातले. म्हणजे मराठीतील आद्य कवयित्री आणि आद्य चरित्रकार हे दोघेही एकाच वऱ्हाडी गावाच्या संदर्भात उभे आहेत.

‘स्मृतिस्थळा’त आलेला एक प्रसंग येथे निर्णायक आहे. केशोबास हे संस्कृतचे पंडित. ‘रत्नमालास्तोत्र’ त्यांनी संस्कृतात रचले. त्यांना आणखी संस्कृतात लिहावेसे वाटले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, आणि अडवण्याचे कारण दिले ते भाषाशास्त्रीय नव्हे, नैतिक. तसे झाले तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकतील, असा त्याचा आशय. पुढे याच केशोबासांनी ‘लीळाचरित्रा’तून सूत्रे निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, तो मराठीत.

या प्रसंगाचा नेहमीचा अन्वय मराठीच्या अभिमानाचा लावला जातो. तो अपुरा आहे. नागदेवाचार्यांनी संस्कृतला हीन म्हटले नाही, मराठीला श्रेष्ठही म्हटले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच की या भाषेमुळे वंचित कोण होईल? ग्रंथाची भाषा ग्रंथकाराच्या सामर्थ्याने नव्हे, तर सर्वांत दुबळ्या श्रोत्याच्या गरजेने ठरावी, असे हे तत्त्व आहे. डांटेने लोकभाषेचा कैवार घेणारा ग्रंथ लिहिला तो विद्वानांसाठी, आणि म्हणून लॅटिनमध्ये. तो काळ चौदाव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. वऱ्हाडातल्या या विचारात मात्र विद्वान हा प्रमाण श्रोताच नाही.

आणि येथेच इतिहासातील विरोधाभास उभा राहतो. म्हाताऱ्यांसाठी निवडलेली ही भाषा पुढे पंथाने सांकेतिक लिप्यांत बंद केली. सकळ लिपी ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. ग्रंथांचे पावित्र्य राखणे, परक्यांच्या हाती पडून होणारी विटंबना टाळणे, अशी कारणे अभ्यासक देतात, आणि त्या काळाचा विचार करता ती क्षुल्लक मानता येत नाहीत. धाडीत मूळ ‘लीळाचरित्र’ नाहीसे झाल्याची आणि हिराइसेसारख्या शिष्येच्या स्मरणातून त्याचे पाठ पुन्हा उभे राहिल्याची परंपरा पंथातच आहे. ज्यांनी ग्रंथ एकदा गमावला आहे, त्यांनी तो कुलपात ठेवला तर आश्चर्य नाही. या कुलपामुळेच तो पंजाबपर्यंत आणि काबूलपर्यंत गेलेल्या मठांतून टिकला, हेही खरे. परंतु परिणाम व्हायचा तो झालाच. सर्वांसाठी लिहिलेले गद्य कित्येक शतके मराठी वाचकाला परके राहिले. जपणूक आणि वंचना ही एकाच कृतीची दोन अंगे असू शकतात, हा धडा अभिजाताच्या प्रत्येक रक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे.

४

विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी या लिप्यांचा उलगडा झाला. त्यानंतरचे काम मोठ्या प्रमाणात विदर्भात झाले. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे हे व्यवसायाने वकील; त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ चा. हरि नारायण नेने यांनी ‘लीळाचरित्रा’चे भाग संपादून छापले. बुलडाणा जिल्ह्यातील नरवेल येथे जन्मलेले वि. भि. कोलते यांनी आयुष्यभर अध्यापन करीत या वाङ्मयाच्या संहिता सिद्ध केल्या. त्यांची ‘लीळाचरित्रा’ची संपादित आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली. १९२३ साली अमरावतीत स्थापन झालेला आणि पुढे नागपूरला गेलेला विदर्भ साहित्य संघ हाही याच काळातल्या वाङ्मयीन जागृतीचा भाग.

या नामावळीवरून असे दिसेल की ग्रंथ उघडण्याचे काम एकट्या विद्यापीठाने केले नाही. वकील, संपादक, प्राध्यापक आणि पोथ्या दाखवणारे पंथातले महंत यांच्या सहकार्याने ते झाले. महंतांचा वाटा गौण मानणे अन्यायाचे ठरेल. श्रद्धेने ज्याला गुप्त ठेवले ते जिज्ञासेपुढे ठेवण्याचा निर्णय त्यांच्यापैकी काहींनी घेतला नसता तर संपादकांना संहिताच मिळाल्या नसत्या. अर्थात श्रद्धा आणि चिकित्सा यांचा ताण त्यामुळे संपला नाही. कोलते यांच्या आवृत्तीवरून उठलेला वाद हे त्याचे उदाहरण. एकाच लीळेचे भिन्न पाठ छापणे ही संशोधकाची सचोटी असते. पाठकाला तीच अवमाननाही वाटू शकते.

या प्रसंगी अध्यापकाने काय करावे? एक मार्ग असा की श्रद्धावंताचा मान राखण्यासाठी पाठभेद टाळावेत. दुसरा असा की श्रद्धेची दखलच घेऊ नये. दोन्ही मार्ग सोपे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. म्हाइंभटाची स्वतःची पद्धती तिसरा मार्ग दाखवते. आठवण कोणाची हे सांगावे, ती तपासावी, आणि आठवणी भिन्न असतील तर भेद नोंदवावा. पाठभेदांची ही नोंद श्रद्धेच्या पोटातूनच जन्मलेली आहे. चिकित्सा ही बाहेरून आलेली उपाधी नसून परंपरेचाच धर्म आहे, हे विद्यार्थ्याला दाखवून देणे म्हणजेच अभिजाताचे अध्यापन.

५

कुलूप लिपीचेच असते असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेता आले नाही. पर्शियन घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृतात गती मिळवली, १९४९ मध्ये संस्कृतला राजभाषा करावे या सूचनेला पाठिंबा दिला, आणि पालीचा कोशही सिद्ध केला. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध लिहिला. तो १९३३ मध्ये ऑक्सफर्डहून ग्रंथरूपाने आला. त्याच पंजाबरावांनी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या लढ्यात भाग घेतला आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करते. वेदांचा अभ्यासक आणि शेतकऱ्यांचा पुढारी ही एकाच माणसाची दोन रूपे होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

या दोन उदाहरणांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्यांना दार बंद होते त्यांनी आतले ग्रंथ टाकाऊ मानले नाहीत. त्यांनी ते वाचले, आणि वाचण्याचा अधिकार मिळाल्यावर त्यांच्याशी वादही घातला. अभिजाताचे मोल पूजेत नसून अशा वादाला पुरून उरण्यात असते. तेव्हा संस्कृतचा अथवा जुन्या मराठीचा अध्यापक आपल्या विषयाची महती सांगताना या बंद दाराचा इतिहास गाळत असेल, तर तो विषयाची सेवा करीत नाही. तो विषयाला पुन्हा एकदा मूठभरांचा करीत असतो.

६

आता संघटनेचा प्रश्न. इंग्लंडमध्ये १९०३ साली लॅटिन-ग्रीकच्या रक्षणासाठी क्लासिकल असोसिएशन स्थापन झाली. तरीही केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये ग्रीकची सक्ती उठवली. १९६० मध्ये प्रवेशासाठीची लॅटिनची सक्तीही गेली. त्यानंतर काही वर्षांतच शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांची संयुक्त संघटना उभी राहिली. तिच्या पुढाकाराने १९७८ मध्ये प्रौढांना आणि नवशिक्यांना मुळापासून ग्रीक शिकवणारे नवे पाठ्यपुस्तक निघाले. सक्ती होती तोवर ‘हा विषय कशासाठी?’ याचे उत्तर कोणी मागत नव्हते. सक्ती गेल्यावर ते अध्यापकांना द्यावे लागले, आणि चांगले पाठ्यपुस्तक हेच त्यांचे उत्तर ठरले.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. माध्यमिक शाळेत संस्कृत पुष्कळदा निवडले जाते ते भरघोस गुण मिळतात म्हणून. विद्यार्थ्यांची संख्या टिकते, तासिका टिकतात, पद टिकते. वाचन मात्र टिकेलच असे नाही. येथे असा आक्षेप घेतला जाईल की पदच राहिले नाही तर ग्रंथ वाचून दाखवणारा कोण उरेल? हा आक्षेप रास्त आहे. अध्यापकांच्या संघटनांनी वेतन आणि सेवाशर्ती यांसाठी झगडणे यात लाजिरवाणे काही नाही. उपाशी अध्यापक हा अभिजाताचा चांगला वारसदार होऊ शकत नाही. परंतु पद हे साधन आहे. पदाच्या रक्षणासाठी विषय सोपा, गुणदायी आणि निरुपद्रवी करणे म्हणजे साधनासाठी साध्याचा बळी देणे होय. रोजीरोटीची मागणी तिच्या स्वतःच्या नावाने करावी. ती प्राचीन ग्रंथांच्या नावाने करू नये. कारण ग्रंथांच्या नावाने मागितलेल्या गोष्टीचा हिशेब ग्रंथांच्या वाचकाला द्यावा लागतो.

हाच न्याय प्रादेशिक अभिमानालाही लागू आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तेथील सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. राजशेखराने काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्येचा विवाह लावला तो याच नगरात. आणि ‘वैदर्भी’ ही रीती तर संस्कृत काव्यशास्त्राने आदर्श मानली. ही सर्व माहिती भाषणांतून वारंवार येते. परंतु वाशीमच्या ताम्रपटातील संस्कृत कोठे संपते आणि प्राकृत कोठे सुरू होते, हे दाखवू शकेल असा विद्यार्थी घडवणे हे त्या भाषणांहून अवघड आणि अधिक प्रामाणिक काम आहे. ‘हरिविजया’चा तर संपूर्ण ग्रंथही आज उपलब्ध नाही. ज्याचे केवळ नाव उरले त्याचा अभिमान बाळगता येतो, त्याचे वाचन करता येत नाही. जे उरले आहे त्याच्याविषयी मात्र ही सबब चालणार नाही.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. अभिजात दर्जा, विद्यापीठ, अध्यापकांची संघटना यांपैकी काहीही स्वतः चांगले अथवा वाईट नसते. त्यांच्या कार्याची कसोटी नागदेवाचार्यांच्या प्रश्नातच आहे: यामुळे कोण वंचित राहील? आजची ‘म्हातारी’ म्हणजे पहिल्या पिढीतला पदवीधर असेल, मराठी घेऊन ‘लीळाचरित्रा’चे पाच उतारे परीक्षेपुरते पाठ करणारी विद्यार्थिनी असेल, किंवा पंथाचा असूनही आपल्याच पोथीची लिपी न कळणारा तरुण असेल. त्यांच्या हाती विश्वसनीय संहिता, शब्दकोश, व्याकरणाची ओळख आणि लिपी वाचण्याचे शिक्षण पोहोचले, तर दर्जाला अर्थ आहे. ते केवळ चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांतच राहिले, तर नव्या सकळ लिपीचीच भर पडली असे म्हणावे लागेल. फरक एवढाच की जुन्या लिपीने ग्रंथ तरी जपले होते.