नांगर टाकला, पण रुतला काय?

वचन : इब्री लोकांस पत्र ६:१९



आपल्या मराठी भाषेंत शेताच्या आउताला आणि तारूं थांबविणाऱ्या लोखंडी आंकड्याला एकच नांव आहे, नांगर. ह्या वचनांत आशेला जिवाचा नांगर म्हटलें आहे तो समुद्रावरचा. तरी शेतकरी बंधूंस तो परका वाटूं नये. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री इन्ग्रॅम टेलर हे शिडाच्या होडीचे मोठे शौकीन होते; १९२७ सालीं ते पत्नीसह आपल्या 'फ्रॉलिक' होडींतून नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत गेले. लहान होडीला फार जड नांगर झेपत नाहीं, हें जाणून त्यांनीं १९३३ सालीं नवा नांगर काढिला आणि त्याला आकार दिला तो शेतीच्या फाळाचाच. वजनानें तो हलका. पण होडी जों जों ओढी, तों तों तो तळाच्या मातींत खोल शिरे. तेव्हां धरून ठेवितें तें वजन नव्हे, रुतणें होय.

किनाऱ्याकिनाऱ्यानें फिरणारीं व होडींतच संसार करणारीं माणसें सायंकाळीं आडोशाला नांगर टाकितात, परंतु टाकून लगेच निजत नाहींत. त्यांची रीत आपण ध्यानांत घेऊं.

प्रथम तीं तळ पाहतात. चिखल व वाळू नांगराला धरतात. खडकावर तो घसरतो, किंवा एखाद्या फटींत अडकून धरल्यासारखा भासतो आणि वारा फिरतांच सुटतो. म्हणून तीं होडी मागें ओढून त्याची परीक्षा घेतात. बाप्तिस्म्याच्या दिवशीं आपला नांगर पाण्यांत पडला खरा. तो ख्रिस्ताच्या ठायीं रुतला, कीं शाळेची सवलत, नोकरीची आशा, पाळकाची मर्जी ह्यांच्या फटींत अडकला? वादळापूर्वींच हें ओढून पाहिलेलें बरें.

मग दोर. तो लांब असला म्हणजे नांगरावरची ओढ आडवी राहते व फाळ मातींत शिरतो. आंखूड असला म्हणजे ओढ वर लागून फाळ उखडतो. ओहोटीस पाणी २ वाव, म्हणजे १२ फूट असतां पांचपट, ६० फूट दोर सोडला, तर ठीक. परंतु मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीला पाणी १२ फुटांहूनही अधिक चढतें. तेव्हां तोच दोर अडीचपटही उरत नाहीं. बंधूंनो, हें नीट ऐका. दुष्काळांत पुरलेली प्रार्थना सुगींत आंखूड पडते. पीक आलें, मुलगा कमावूं लागला, घरावर कौलें चढलीं, कीं आपली भरती आली. त्याच वेळीं दोर अधिक सोडावयाचा असतो. आणि नेमक्या त्याच वेळीं कित्येक घरांतील सायंप्रार्थना बंद पडते.

शेवटीं खुणा. किनाऱ्यावरचीं दोन झाडें एका रेषेंत धरून ठेवितात. रात्रीं नांगर घसरला तरी निजलेल्यास तें कळत नाहीं, होडी पूर्वीसारखीच डुलते. खुणा मात्र सरकलेल्या दिसतात. रविवारची उपासना व शास्त्राचें वाचन ह्या आपल्या खुणा होत. त्या एका रेषेंतून सुटल्या असतील, तर मनाला स्वस्थ वाटतें एवढ्यावर विसंबूं नका.

आतां कोणी म्हणेल, नांगर रुतला म्हणजे होडी सुखरूप राहील ना? प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २७ पाहा. पौलाच्या जहाजावरील खलाशांनीं पाणी मोजलें, २० वाव. थोडें पुढें १५ वाव. खडकाच्या भयानें त्यांनीं मागल्या बाजूनें ४ नांगर टाकिले व उजाडण्याची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीं जहाज फुटलें. परंतु २७६ जणांपैकीं एकही बुडाला नाहीं. तेव्हां पीक जाणार नाहीं, बैल मरणार नाहीं, आजार येणार नाहीं, असें वचन आम्ही तुम्हांस देत नाहीं. जहाज फुटेलही. पण रात्र काढावयाची ती खोल रुतलेल्या आशेवर काढावी. उजाडल्यावर किनारा आहे. म्हणून आज निजण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांस जवळ बोलवा, आणि दोर आणखी थोडा सोडा.

आमेन.