हा आराखडा मला मान्य नाही

'बाई, तुम्ही आता अ‍ॅरिझोनात लेकीकडे चँडलरलाच असता, तर एकदा नजर टाका' असं म्हणून तुम्ही चौघांनी मार्चमधल्या सहलीचा कागद पाठवलात. नजर टाकली. वर्गात तुमच्या वह्या तपासायचे तशीच लाल पेन घेऊन बसले, आणि पहिल्या पानावरच पेन थांबेना. पन्नाशीकडे झुकलेली, अमेरिकेत संसार उभे केलेली माणसं तुम्ही. गोल्फ आणि बेसबॉलचे सराव सामने असा चांगला बेत आखलात आणि नकाशा उघडून बघायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत? भूगोल मीच शिकवला होता ना तुम्हाला?

शुक्रवारच घ्या. सकाळी साडेनऊला उत्तर स्कॉट्सडेलमध्ये ट्रून नॉर्थला गोल्फ, दुपारी एकला सरप्राइजमध्ये रॉयल्सचा सामना, रात्री मेसामध्ये जेवण. मार्चमध्ये इथला प्रत्येक कोर्स भरलेला असतो, अठरा होलना साडेचार तास धरावेच लागतात. म्हणजे दोन वाजता तुम्ही अजून हिरवळीवरच. सरप्राइज फिनिक्स खोऱ्याच्या वायव्य टोकाला आहे, तिथे पोहोचून गाडी लावेपर्यंत तीन वाजून जाणार. हे सराव सामने आहेत. नावाजलेले फलंदाज तीन-चार इनिंग खेळून मैदान सोडतात, पिचर तर कधी एक-दोन इनिंगच टाकतो. ज्यांच्यासाठी तिकिटं काढलीत, ते तुम्ही पोहोचाल तेव्हा केव्हाच निघून गेलेले असतील. आणि तिथून मेसा म्हणजे अख्खं खोरं ओलांडून दुसरं टोक!

इथल्या सराव सामन्यांच्या कॅक्टस लीगमध्ये १५ संघ, १० मैदानं, आणि सगळी एका फिनिक्स खोऱ्यात. फ्लोरिडात सरावाला जाणारे संघ एकमेकांच्या इतके जवळ नाहीत. इथे हातात आलेली ही सोय तुम्ही उधळून टाकलीत. पूर्वेची बाजू धरा: मेसात कब्सचं स्लोन पार्क, टेम्पीत एंजल्स, स्कॉट्सडेलमध्ये जायंट्स, सॉल्ट रिव्हर फील्ड्सवर डायमंडबॅक्स आणि रॉकीज. सॉल्ट रिव्हरला लागूनच टॉकिंग स्टिकचे गोल्फ कोर्स आहेत. सूर्य उगवताच खेळायला उतरा, दुपारी स्टँडमध्ये बसा. एखादा दिवस गोल्फ अजिबात ठेवू नका आणि सकाळी मुख्य मैदानांमागच्या संघांच्या सराव मैदानांवर जा. कोच नवख्या पोरांकडून तोच झेल, तोच थ्रो पुन्हा पुन्हा करून घेत असतो, ते कुंपणाला टेकून बघा. या महिन्याचा खरा खेळ तिथे चालतो.

'कॅलिफोर्नियाची वेळ तीच' असं कुणी लिहिलंय? अ‍ॅरिझोनात घड्याळं पुढेमागे करत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी बाकी बहुतेक राज्यांची पुढे सरकतात. तुमची सहल नेमकी त्या रविवारच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे. शनिवारपर्यंत कॅलिफोर्निया इथल्यापेक्षा तासभर मागे, रविवारपासून बरोबर. शिकागोवाल्यांनो, तुमचा फरक एका तासाचा दोन तास होतो. विमानतळावर घ्यायला येणाऱ्यांना सांगितलंत का?

पाणी, टोपी, लांब बाह्यांचा शर्ट यातलं एकही यादीत नाही. पंचवीस-सव्वीस अंश वाचून निर्धास्त झालात. इथली हवा इतकी कोरडी, की घाम अंगावर दिसतही नाही आणि डोकं दुखायला लागल्यावर कळतं. चेंडू गवताबाहेर गेला तर जाऊ द्या. बाहेर चोया निवडुंग असतो, त्याचा काटेरी गोळा नुसता घासला तरी कातडीत रुततो. हाताने ओढलात तर हातात रुतेल. इथली माणसं जवळ कंगवा ठेवतात आणि त्याने तो उपटून फेकतात. मार्चमध्ये खुळखुळ्या सापही बिळाबाहेर यायला लागतात, तेव्हा खडकाच्या फटीत हात घालायचा नाही. सग्वारो निवडुंगाला धक्का लावायचा नाही, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. पहिल्या आठ वर्षांत ते झाड जेमतेम इंच-दीड इंच वाढतं.

सामन्यात बिअर आणि सामन्यानंतर शंभर किलोमीटर ड्रायव्हिंग, हे एका ओळीत लिहिताना हात कसा थांबला नाही? पिऊन गाडी चालवल्याच्या पहिल्याच गुन्ह्याला या राज्यात कोठडी आहे. आणि कायदा नसता तरी मी हेच बोलले असते.

आता ज्या ओळीने मी खरी संतापले ती. शेवटच्या पानावर कुणीतरी लिहिलंय, 'इतर बघण्यासारखं काही नाही.' प्राचीन होहोकाम लोकांनी लाकडी आणि दगडी हत्यारांनी इथे शेकडो मैल कालवे खणले. आजच्या फिनिक्सचे काही कालवे त्यांच्याच मार्गावरून जातात. मेसातलं अ‍ॅथलेटिक्सचं मैदान त्यांच्याच नावाचं आहे. तुम्ही ज्या विमानतळावर उतरणार, त्याच्या शेजारी सेडाव वाअकी संग्रहालयात त्या कालव्यांचे अवशेष डोळ्यांनी बघता येतात. सॉल्ट रिव्हर फील्ड्स २०११ साली उभं राहिलं ते पिमा-मारिकोपा लोकांच्या स्वतःच्या जमिनीवर, आणि टॉकिंग स्टिकच्या दोन कोर्सना ओओधाम आणि पीपाश ही त्यांचीच नावं आहेत.

आणि ही कॅक्टस लीग सुरू कशी झाली ते माहीत आहे? १९४७ साली क्लीव्हलंडचा मालक बिल व्हीक संघ घेऊन टूसॉनला आला, जायंट्स फिनिक्सला आले. फ्लोरिडातला वर्णभेद बघून आपण इकडे वळलो, असं व्हीकने पुढे सांगितलं. त्याच वर्षी त्याने लॅरी डोबीला संघात घेतलं, अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आणि टूसॉनमध्ये सरावाला आलेल्या त्याच डोबीला संघाच्या हॉटेलात खोली मिळाली नाही. इथल्या उन्हात बसून सामना बघणार असाल तर एवढं ठाऊक असायलाच हवं.

रविवारपर्यंत नवा आराखडा पाठवा. दिवसाला एकच सामना, गोल्फ पहाटेचाच, संग्रहालयासाठी अर्धा दिवस. आणि प्रत्येक दिवसापुढे, त्या दिवशी गाडी कोण चालवणार आणि बिअरला हात लावणार नाही, त्याचं नाव लिहा.